पिठ्या ढेकणाच्या पोटातलं बिऱ्हाड

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर, सीताफळाच्या देठाशी किंवा द्राक्षाच्या घडात पांढरा कापूस अडकल्यासारखा दिसला, की समजायचं पिठ्या ढेकूण आला. द्राक्षबागाईतदार त्याला मिलीबग म्हणतात आणि त्याचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा किडा झाडाचा रस शोषतो, मागून चिकटा सोडतो, चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि काजळी आलेल्या घडाला बाजारात भाव मिळत नाही. अंगावरच्या मेणचट पिठीमुळे फवारा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यातून खोडाच्या सालीखाली लपायची सवय, ती वेगळीच डोकेदुखी.

बोटाने ती पिठी पुसली तर द्राक्षावरच्या जातीचं गुलाबी, मऊ, जेमतेम तीन मिलिमीटरचं अंग दिसतं. या एवढ्याशा अंगात, पोटाच्या मधोमध, मोठमोठ्या पेशींचा एक अवयव असतो. या पेशी जिवाणूंसाठीच राखलेल्या असतात. जुन्या काळी सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना त्यांत गोल गोल गोळे दिसायचे आणि गोळ्यांच्या आत जिवाणू. गोळे म्हणजे कसलातरी चिकट स्राव असावा आणि जिवाणू त्यात रुतून बसले असावेत, असंच सगळ्यांनी धरलं होतं. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅरोल व्हॉन डोहलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ते गोळे हेसुद्धा जिवाणूच आहेत. म्हणजे किड्याच्या पेशीत एक जिवाणू आणि त्या जिवाणूच्या पोटात दुसऱ्याच जातीचा जिवाणू. बाहेरच्याचं नाव ट्रेम्ब्लाया, आतल्याचं मोरानेला. जिवाणूच्या आत जिवाणू कायमचा राहतो, पिढ्यान् पिढ्या राहतो, असं तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

कीटक आणि जिवाणू यांच्या सहजीवनाबद्दल शाळेत शिकवतात ते असं: दोघांचाही फायदा, दोघंही खूश. गेल्या पंचवीस वर्षांत या जिवाणूंचा डीएनए अक्षर अक्षर वाचता यायला लागला आणि चित्र बरंच बदललं. फायदा आहे, तो खराच. पण एकदा या वाटेला लागलं की मागे फिरता येत नाही, आणि पुढे पुढे दोघांचीही अडचण वाढत जाते. मला हा सगळा विषय भावतो तो याचसाठी.

सुरुवात भुकेपासून करू. झाडाच्या पानांत तयार झालेलं अन्न रसवाहिन्यांमधून खाली वाहतं. हा रस म्हणजे जवळजवळ साखरेचं पाणी. साखर भरपूर, बाकी सगळं नावाला. आता शरीर बांधायचं तर प्रथिनं हवीत आणि प्रथिनं बांधायला वीस प्रकारची अमिनो आम्लं लागतात. त्यातली साधारण निम्मी प्राण्यांना स्वतःला बनवता येतात, उरलेली खाण्यातूनच मिळवावी लागतात. आपण ती डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून मिळवतो. जन्मभर नुसता रसच पिणाऱ्या किड्याला ती कुठून मिळणार? कितीही रस प्याला तरी जादा साखर मागून चिकटा म्हणून बाहेर पडते आणि कमतरता तशीच राहते. जिवाणूंना मात्र ही अमिनो आम्लं बनवता येतात. म्हणून करडईवरचा मावा असो, आंब्यावरचे तुडतुडे असोत, पांढरी माशी असो की उन्हाळ्यात सह्याद्रीच्या रानात कान किटवणारे सिकाडा असोत, रस शोषणाऱ्या जवळजवळ प्रत्येक किड्याने पोटात असं कुणी ना कुणी ठेवून घेतलेलं आहे.

पॉल बुखनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात उभं आयुष्य या एका विषयाला दिलं. शेकडो किडे कापून, त्यांच्या पोटातले हे अवयव रेखाटून त्याने दाखवलं की हा रोग नाही. हे जिवाणू आईकडून अंड्यात जातात आणि किड्याच्या शरीररचनेचाच भाग आहेत. पण ते बाहेर काढून बशीत वाढवता येत नव्हते, त्यामुळे ते नेमकं काय करतात हे कळायला मार्ग नव्हता. पुढे माव्यातल्या जिवाणूला बुखनरच्या सन्मानार्थ बुखनेरा हे नाव मिळालं आणि २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा अख्खा जनुकसंच वाचून काढला.

तो वाचल्यावर कळलं की आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरं असतात, तर बुखनेरात फक्त ६ लाख ४० हजार. जनुकं सहाशेच्याही आत. काय गळालं होतं आणि काय उरलं होतं, हे तर त्याहून बोलकं होतं. माव्याला स्वतःला जी अमिनो आम्लं बनवता येतात, ती बनवण्याची जनुकं बुखनेराने बहुतेक गमावलेली. माव्याला जी बनवता येत नाहीत, ती बनवण्याची मात्र जपून ठेवलेली. दोघांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर एकाची उणीव दुसऱ्याच्या साठ्याने भरून निघते. माव्याला अँटिबायोटिक देऊन बुखनेरा मारून टाकला तर मावा खुरटतो आणि त्याला पिल्लं होत नाहीत. हे नातं पंधरा कोटी वर्षांहूनही जुनं आहे. तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते.

जनुकं गळतात कशी, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मोकळ्यावर राहणाऱ्या जिवाणूच्या एखाद्या महत्त्वाच्या जनुकात बिघाड झाला तर तो स्पर्धेत टिकत नाही. त्याची जागा धडधाकट भाऊबंद घेतात. किड्याच्या पेशीत मात्र सगळं आयतं मिळतं. ऊन नाही, दुष्काळ नाही, शत्रू नाही. त्यामुळे शेकडो जनुकं बिघडली तरी लगेच काही अडत नाही आणि बिघडलेली जनुकं हळूहळू डीएनएमधून पुसली जातात. दुसरं असं की प्रत्येक पिढीत आईच्या पोटातल्या असंख्य जिवाणूंपैकी मोजकेच अंड्यात जातात. कोण जाणार, हे बरंचसं नशिबावर. त्या मोजक्यांत एखादा अधू निघाला तर पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच्याच. तिसरी गोष्ट सगळ्यात जाचक. मोकळ्यावरचे जिवाणू एकमेकांशी डीएनएची देवाणघेवाण करतात, त्यामुळे हरवलेलं जनुक शेजाऱ्याकडून परत मिळू शकतं. बंद पेशीतल्या जिवाणूला शेजारीच नाही. गेलं ते गेलं. डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकंही याच ओघात जातात, मग बिघाडाचा वेग आणखी वाढतो.

आता पुन्हा पिठ्या ढेकणाकडे येऊ. २०११ साली जॉन मॅककचन आणि व्हॉन डोहलेन यांनी लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणातल्या दोन्ही जिवाणूंचे जनुकसंच वाचून प्रसिद्ध केले. बाहेरच्या ट्रेम्ब्लायात अवघी १ लाख ३९ हजार अक्षरं आणि प्रथिनं बनवणारी १२० च्या आसपास जनुकं. इतक्या कमी जनुकांत पेशी जगू शकते, यावर विश्वास बसणं कठीण होतं. प्रथिनं जोडण्यासाठी प्रत्येक जिवाला जी अगदी मूलभूत एन्झाइम्स लागतात, त्यातला एक आख्खा गटच ट्रेम्ब्लायाकडे नव्हता. ती त्याला बहुधा पोटातला मोरानेला पुरवत असणार.

अमिनो आम्लं बनवायची पद्धत तर फारच चक्रावणारी निघाली. एक अमिनो आम्ल बनायला आठ-दहा पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम. या पायऱ्या तिघांत वाटलेल्या आहेत. एका घरात पुरण शिजवायचं, दुसऱ्या घरात वाटायचं, तिसऱ्या घरी कणीक मळायची, लाटायला पुन्हा पहिल्या घरी यायचं आणि भाजायला दुसऱ्या, असा पोळीचा प्रवास व्हावा, तसा एका रेणूचा प्रवास किडा, ट्रेम्ब्लाया आणि मोरानेला यांच्यात होतो. कुणा एकालाही ते पूर्ण काम एकट्याने येत नाही.

२०१३ साली याच गटाने किड्याचा स्वतःचा डीएनए तपासला, तेव्हा त्यात जिवाणूंची जनुकं सापडली, वीसहून अधिक. किडा ती वापरतही होता. साहजिक अंदाज असा होता की ती ट्रेम्ब्लायाकडून आली असतील, इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर. पण त्यातलं एकही ट्रेम्ब्लायाचं नव्हतं. ती आली होती वेगवेगळ्या परक्या जिवाणूंकडून, ज्यांचा आज त्या किड्यात मागमूसही नाही. कधीकाळी संसर्ग करून गेलेल्या पाहुण्यांची जनुकं किड्याने ठेवून घेतली आणि आज तो त्यांच्या जोरावर आपल्या कायमच्या भाडेकरूंची उणीव भरून काढतो. २०१९ साली याहून पुढचं कळलं. मोरानेलाच्या पेशीभित्तिकेसाठी लागणारं एक एन्झाइम किड्याच्या डीएनएवरून तयार होतं आणि ते मोरानेलाच्या आत जाऊन काम करतं. वाट केवढी ते पाहा. किड्याच्या पेशीतून निघायचं, ट्रेम्ब्लायाचं आवरण ओलांडायचं, मग मोरानेलाचं. हे प्रथिन नेमक्या पत्त्यावर पोचतं, हे प्रयोगातून प्रत्यक्ष दाखवलं गेलं.

द्राक्षावरच्या आपल्या गुलाबी पिठ्या ढेकणाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्यातही बाहेरचा जिवाणू ट्रेम्ब्लायाच आहे, पण आतला मोरानेला नाही, डूलिटलिया नावाचा दुसराच आहे. २०१६ साली वेगवेगळ्या जातींचे पिठ्या ढेकूण तपासले तेव्हा लक्षात आलं की बाहेरचा जुना जिवाणू सगळीकडे तोच, पण आतला प्रत्येक जातीत निराळा. काही जातींत आतल्याचा जनुकसंच अजून ऐसपैस आहे, म्हणजे तो नुकताच राहायला आलाय. काहींत पार आकसलेला, म्हणजे मुक्काम जुना. आतलं बिऱ्हाड थकलं, निकामी झालं की ते जातं आणि नवं येतं. हे पुन्हा पुन्हा घडलंय.

या बिऱ्हाडाचा वारसा फक्त मुलींकडून पुढे चालतो. मादीच्या पोटातून जिवाणू अंडाशयाकडे सरकतात आणि प्रत्येक अंड्यात शिरतात. नर मात्र अगदी निराळा प्राणी. त्याला पंख फुटतात आणि तोंड नसतं. तो काही खात नाही, मादी शोधतो आणि दोन-चार दिवसांत मरतो. जो जेवणारच नाही त्याला स्वयंपाकी कशाला? नर वाढत असतानाच त्याच्या अंगातले जिवाणू नाहीसे होत जातात. जिवाणूंच्या दृष्टीनेही नर म्हणजे रस्ता संपला, कारण नराकडून पुढच्या पिढीत जाता येत नाही.

जनुकसंच किती लहान होऊ शकतो, याची सीमा गेली वीस वर्षं सरकतच आहे. २००६ साली सिला नावाच्या किडींमधल्या एका जिवाणूत १ लाख ६० हजार अक्षरं सापडली, तेव्हा ही शेवटची पायरी असं वाटलं होतं. २०१३ साली एका तुडतुड्यात १ लाख १२ हजारांचा जिवाणू सापडला. आणि अगदी अलीकडे पोलंडमधल्या क्राकूव्हच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्याही निम्म्याखाली मजल मारली. त्यांनी वनस्पती-तुडतुड्यांच्या अनेक जाती तपासल्या. आपल्या उसावर पडणारी पाकोळी, म्हणजे पायरिला, याच मोठ्या गटातली. या किड्यांमधल्या व्हिडानिया नावाच्या जिवाणूचा काही जातींतला जनुकसंच जेमतेम ५० हजार अक्षरांचा भरला. प्रथिनं बनवणारी जनुकं साठच्या आसपास. म्हणजे किड्याला उपयोगी पडेल असं त्याच्याकडे जवळपास एकच काम उरलंय: फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल बनवणं. किड्याचं बाहेरचं कवच घट्ट व्हायला ते लागतं. बाकीची जनुकं बहुतेक ते एक काम चालू ठेवण्यापुरती. इतकं आकसणं एकाच वंशशाखेत घडलेलं नाही. ते वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे घडलंय.

आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचा स्वतःचा डीएनए असतो, १६ हजार ५६९ अक्षरांचा. मायटोकाँड्रिया हेही अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीत शिरलेले जिवाणूच होते, हे आता सर्वमान्य आहे. मग ५० हजार अक्षरांचा व्हिडानिया जिवाणू म्हणायचा की किड्याच्या पेशीचा एक भाग? मला विचाराल तर अशी रेघ ओढायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. निसर्गात ती रेघ नाहीच. पूर्ण मोकळ्या जिवाणूपासून पूर्ण विरघळलेल्या भागापर्यंत एक लांब उतार आहे आणि वेगवेगळे किडे त्या उतारावर वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत.

या उतारावर किड्यालाही किंमत मोजावी लागते. ती सगळ्यात उघड दिसते सिकाडात. त्यांच्यात हॉजकिनिया नावाचा जिवाणू असतो. चिलीमधल्या एका सिकाडात २०१४ साली आढळलं की हॉजकिनिया फुटून दोन झाले आहेत. दोघांनी वेगवेगळी जनुकं गमावली आहेत, त्यामुळे एकट्याने दोघंही निरुपयोगी, आणि दोघं मिळून होतं तेवढंच काम, जे पूर्वी एकटा करायचा. अमेरिकेत तेरा आणि सतरा वर्षं जमिनीखाली काढणारे सिकाडा आहेत. त्यांच्यात तर हॉजकिनियाचे डझनभराहून जास्त तुकडे सापडले. काम वाढलेलं नाही, माणसं तेवढी वाढली. आता गोम अशी की अंड्यात यातला प्रत्येक तुकडा गेलाच पाहिजे, एक राहिला तरी पिल्लाचं अवघड. म्हणून अशा सिकाडांच्या माद्या प्रत्येक अंड्यात अधिक हॉजकिनिया भरतात, असं नंतर दिसून आलं. पिल्लाच्या वाट्याला जिवाणू वाढले, पोषण मात्र तेवढंच. याला दोघांचा फायदा म्हणवत नाही.

यातून सुटका कशी झाली, हे जपानमधल्या सिकाडांनी दाखवलं. तिथल्या अनेक जातींत हॉजकिनिया पूर्ण नाहीसा झालाय आणि त्याच्या जागी एक बुरशी आली आहे. ही बुरशी कुणाची नातलग, तर सिकाडांना मारून त्यांच्या अंगातून उगवणाऱ्या बुरशीची. २०१८ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. जीव घेणाऱ्या कुळातली बुरशी कधीतरी पोटात राहून स्वयंपाक करायला लागली, आणि हे एकदा घडलेलं नाही, निरनिराळ्या सिकाडांत निरनिराळ्या वेळी घडलेलं आहे.

मग असं नातं सुरू कसं होतं? याचं उत्तर कोट्यवधी वर्षं मागे जाऊन शोधावं लागेल असं वाटायचं. जपानमध्ये त्सुकुबा इथल्या ताकेमा फुकात्सु यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत घडवून आणलं. त्यांनी झाडावरच्या एका हिरव्या-तपकिरी ढेकणाचा (स्टिंक बगचा) नेहमीचा जिवाणू काढून टाकला. या जातीत आई अंड्यांना जिवाणूंचा लेप लावते आणि बाहेर पडलेली पिल्लं अंड्यांच्या टरफलांवर बसून तो लेप चोखतात. पहिलं जेवण हेच. या पिल्लांना शास्त्रज्ञांनी साधा ई. कोलाय पाजला, तोही डीएनएमध्ये झपाट्याने बदल घडतील असा केलेला. सुरुवातीला शंभरातली मोजकी पिल्लं मोठी झाली, तीही रंगाने मळकट आणि किरकोळ. जी बरी वाढली त्यांच्या पोटातला ई. कोलाय काढून पुढच्या पिढीला द्यायचा, असं काही पिढ्या केलं. वर्षभराच्या आतच असा ई. कोलाय तयार झाला की ढेकूण निरोगी, हिरवेगार वाढायला लागले. त्याच्या डीएनएमधला निर्णायक बदल शोधला तर तो एकाच जनुकातला निघाला. कोणती साखर आधी खायची, हे ठरवणारी ई. कोलायची जी मुख्य कळ असते ती बंद पडली होती. तेवढा एक बदल मूळ ई. कोलायमध्ये मुद्दाम करून पाहिला, तरी तो किड्याच्या उपयोगी पडायला लागला. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. या सगळ्या विषयातला माझ्या मते हा सर्वांत सुंदर प्रयोग. आत शिरायला एक बदल पुरतो. अडकत जाण्याचं काम पुढे काळ करतो.

सगळेच किडे अडकून पडतात असंही नाही. तांदूळ निवडताना सोंड असलेला तो काळपट किडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्यात सोडालिस नावाचा जिवाणू असतो आणि हे नातं उत्क्रांतीच्या हिशोबात अगदी कालचं, फार तर तीसेक हजार वर्षांचं. नुसत्या दाण्यावर वाढणाऱ्या या किड्याला कवच टणक करायला जी अमिनो आम्लं कमी पडतात, ती हा जिवाणू पुरवतो. प्रौढ किडा बाहेर आला की पहिल्या काही दिवसांत त्याच्या आतड्यातले जिवाणू भराभर वाढतात, कवच टणक होतं आणि ते झालं की किडा आतड्यातल्या त्या पेशी मोडून जिवाणू पचवून टाकतो. अंडाशयातले तेवढे राखतो, पुढच्या पिढीसाठी. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या एका गटाने हे २०१४ साली दाखवलं. त्याच गटाने अलीकडे या जिवाणूंची त्रिमितीय चित्रं काढली, तेव्हा जिवाणूंनी आपल्या आवरणाच्या बारीक नळ्यांची जाळी विणलेली दिसली. साखर शोषून घ्यायला जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून ती असावीत. आपल्या लहान आतड्याच्या घड्या जे करतात तेच हे.

वोल्बाकिया या जिवाणूचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, तरी तो स्वभावाने निराळा. जगातल्या कीटकांच्या जातींपैकी निम्म्याच्या आसपास जातींत तो असतो आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. तोही आईकडूनच अंड्यात जातो, म्हणून स्वतःचा प्रसार होईल अशा बेताने तो किड्याच्या प्रजननात ढवळाढवळ करतो. वोल्बाकिया असलेल्या नराचं वोल्बाकिया नसलेल्या मादीशी मीलन झालं तर अंडी फुकट जातात. त्यामुळे वोल्बाकिया असलेल्या माद्यांचीच संतती वाढत जाते. डेंगू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो मुळात नसतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी फळमाशीतला वोल्बाकिया या डासात घातला आणि अशा डासांच्या शरीरात डेंगूचा विषाणू नीट वाढेनासा झाला. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडले, तिथे डेंगूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळलं. ते निष्कर्ष २०२१ साली आले. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या संशोधन केंद्रानेही वोल्बाकिया असलेले डास तयार केले आहेत.

शेतीच्या बाजूने पाहिलं तर या ज्ञानाला दोन्हीकडून धार आहे. धान्यातल्या एका चपट्या भुंगेऱ्याचा जिवाणू, कवचासाठी लागणारी अमिनो आम्लं ज्या मार्गाने बनवतो तोच मार्ग झाडांमध्येही असतो, प्राण्यांत नसतो. ग्लायफोसेट हे तणनाशक नेमका तोच मार्ग बंद करतं, म्हणूनच तण मरतं. २०२१ साली प्रयोगात दिसलं की ग्लायफोसेटने या भुंगेऱ्याचा जिवाणूही मार खातो आणि भुंगेऱ्याचं कवच कच्चं राहतं. ऐकायला हे बरं वाटतं. पण असे जिवाणू कितीतरी निरुपद्रवी आणि उपयोगी किड्यांतही आहेत, आणि तणनाशक मारायच्या पंपाला शत्रू कोण, मित्र कोण, हे कळत नाही.

दुसरी बाजू अधिक काळजीची. शेंगांचा रस शोषणारा एक ढेकूण आपला जिवाणू आईकडून घेत नाही. प्रत्येक पिढीतलं पिल्लू तो मातीतून नव्याने उचलतं. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की शेतात फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं, तर ते विष खाऊन जगणारे जिवाणू मातीत वाढतात. पिल्लांनी असा जिवाणू उचलला की तो पोटात बसून विषाचे तुकडे करतो आणि ढेकूण फवारणीला दाद देत नाही. आजवर कीटकनाशकाला न जुमानणारी कीड तयार व्हायला किड्याच्या स्वतःच्या डीएनएमध्ये बदल व्हावे लागतात आणि त्याला बऱ्याच पिढ्या जातात, असं धरून फवारणीचे सल्ले दिले जात होते. इथे किड्यात काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती माती, आणि त्या मातीतून जिवाणू उचलणारं पिल्लू एका जन्मात फवारणीला दाद न देणारं होतं. जपानच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर उसाच्या शेतातल्या ढेकणांत असे जिवाणू प्रत्यक्ष सापडलेले आहेत.